चादरीचं डिझाईन चोरीला गेलं, पण त्यातला मोर माझा पण नव्हता

जकार्डवाला

नमस्कार मंडळी. सोलापूरवाल्यांनो जरा वाचा, लांब झालंय पण तोडून सांगता येईना.

मी जकार्डची, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाची, डिझाईनं काढतो. अशोक चौकाच्या मागं एक खोली आहे, तिथं एक कॉम्प्युटर आणि मी. चादर, टॉवेल, कधीमधी वॉलहँगिंग. नोकरी नाही, ज्या कारखान्याला पाहिजे त्याला फाईल करून द्यायची, ते पेनड्राईव्हवर नेऊन मागाला लावतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या यात्रेच्या) आधी एका मालकाला यात्रेची चादर पाहिजे होती. मधी सिद्धेश्वरचं देऊळ आणि तलाव, बाजूनं सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, चार कोपऱ्यात चार मोर. आता ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, सात हा आकडा चादरीला लई वाईट. सहा किंवा आठ असले की अर्धं काढायचं आणि आरसा मारायचा, झालं. सातला एक मधी येतो, आणि मधी तर देऊळ बसलंय. नंदीध्वज कमी करून चालत नाही, सात म्हणजे सातच. शेवटी एकीकडं तीन आणि एकीकडं चार घेतले आणि तीनच्या बाजूला रिकामं दिसू नये म्हणून तलावातली एक होडी घातली. ह्या एवढ्यात बावीस दिवस गेले. पैसे मिळाले साडेचार हजार.

पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा फोटो काढून स्टेटसला टाकला. आनंद झाला होता, टाकणारच ना.

महिना पण झाला नसंल, नवी पेठेत एका दुकानात तीच चादर. कारखाना वेगळा. काठ बदललाय, हिरव्याच्या जागी मरून केलाय, बाकी तेच. तीन आणि चार तसंच, होडी तशीच. आणि वर कळस म्हणजे देवळाच्या तिसऱ्या पायरीवर माझ्याकडून दोन घरं (ग्राफचे चौकोन) जास्त भरली गेली होती, पायरी जराशी वाकडी दिसते, मला सोडून कुणाच्या लक्षात येणार नाही. ती वाकडी पायरी पण तशीच!! दुकानात उभ्या उभ्या डोकं गरम झालं, चादर विकत घेतली आणि घरी आलो. स्वतःचंच डिझाईन रोख पैसे देऊन आणलं.

आता जे घरी कुणाला सांगितलं नाही ते इथं सांगतो. मोर माझे नाहीत. आमच्या आजीची एक जुनी चादर आहे, पस्तीस चाळीस वर्षं तरी झाली असतील, कारखान्याचं नाव कडेला विणलेलं होतं पण तेवढाच भाग झिजलाय. त्यातला मोर स्कॅन करून घेतला, शेपूट फक्त लहान केली. आणि देवळाची आउटलाईन गूगलवर सापडलेल्या एका फोटोवरून ट्रेस केली, फोटो कुणाचा ते बघितलं पण नाही.

म्हणून विचारतोय. मला काही करता येतं का, आणि करता येत असलं तरी मी कुठल्या तोंडानं करू?

---

कडकभाकरी

सोलापुरात बसून ओरिजिनल चादर शोधतोय बे हा 😂 अरे बाहेर गावाला जाऊन बघ, कुठला तरी माल आणून 'असली सोलापुरी' म्हणून विकतात, जीआय टॅग (गावाच्या मालाच्या नावाला मिळणारं सरकारी संरक्षण) असून विकतात. तुझं तर निदान चोरून पण सोलापुरातच राहिलं, अभिमान बाळग.

सीरियसली, स्टेटसला टाकलंस म्हणजे गावजेवण घातलंस. आता कोण जेवून गेलं ते काय मोजतोस.

---

साखरपेठ_अण्णा

पोरा मी चाळीस वर्सं ग्राफ मारले. हातानं. मोठा चौकोनांचा कागद, प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याची (उभी) एक तार आणि बाण्याची (आडवी) एक फेर जिथं भेटते ती जागा, रंग भरला तर तार वर, रिकामं तर खाली. मग त्या ग्राफवरून एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, एक ओळ म्हणजे एक कार्ड. हजारो कार्डं दोऱ्यानं शिवून माळ करून मागावर चढवायची. एक भोक चुकलं की सगळ्या चादरीवर तेवढ्याच ठिकाणी डाग, एका चादरीवर नव्हं, निघंल तेवढ्या सगळ्यांवर.

आणि खरं सांगतो, अर्धी कामं कॉपीचीच होती. मालक बाजारातून दुसऱ्याची चादर आणून पुढ्यात टाकायचा, म्हणायचा अण्णा हे मार. मी भिंग लावून तारा मोजायचो. चोरी म्हणून कुणी बघितलं नाही कारण माझी पण दुसरीकडं मारली जायची. पण एक होतं. मोजायला, ग्राफ भरायला, कार्डं पाडायला सगळं मिळून पंधरा दिवस, तीन आठवडे जायचे, तेवढ्यात ज्यानं पहिल्यांदा काढली त्याचा माल बाजारात जाऊन, विकून, पैसे घरात आलेले असायचे. मागनं येणाऱ्याला उरलेलं. आता ते पंधरा दिवस राहिले नाहीत. तुमचं दुखणं तिथं आहे, कॉपीत नाही.

दुसरं. तू स्टेटसचं म्हणतोस त्याच्यावर माझा विश्वास नाही. फोटोवरून चित्र काढता येतं, वीण काढता येत नाही. चित्रात कुठं तार दाबून धरलीय, मागं कुठं सोडलीय ते मोबाईलच्या फोटोत दिसत नाही, त्याला नव्यानं बांधायला लागतं आणि प्रत्येकजण आपापल्या हातानं बांधतो. आणलेली चादर उलटी कर. मागची बाजू तुझ्यासारखीच असंल तर फोटो गेला नाही, फाईल गेलीय.

---

वकील_जुळे_सोलापूर

मी कोर्टात जाते पण हा सल्ला समजू नका, कागद बघितल्याशिवाय सल्ला नसतो. तरी कायदा काय म्हणतो ते सांगते कारण ह्याबद्दल लोकांचे लई गैरसमज आहेत.

सगळ्यांना वाटतं चित्र काढलं की आपोआप कॉपीराईट. चित्राला असतो, बरोबर. पण तेच चित्र चादरीवर गेलं की तो 'डिझाईन'चा विषय होतो. कॉपीराईट कायदा १९५७, कलम १५. ज्याची डिझाईन म्हणून नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, असा माल कारखान्यात ५० पेक्षा जास्त वेळा निघाला की त्या डिझाईनवरचा कॉपीराईट संपतो. ५० चादरी म्हणजे किती, तुम्हीच सांगा. यात्रेआधी हजारात निघाल्या असतील.

मग नोंदणी करायची तर डिझाईन कायदा २०००. दहा वर्षं संरक्षण, पुढं पाच वाढवून मिळतात. पण अर्ज करायच्या आधी डिझाईन लोकांसमोर आलेलं नसावं लागतं. आधी स्टेटस, मग अर्ज, असं चालत नाही, समोरचा तोच मुद्दा धरून नोंदणी रद्द करायला जातो. आणि आजीच्या चादरीतला मोर तर तुम्ही स्वतःच सांगताय की जुना आहे, त्याला 'नवीन' कसं म्हणणार. एकूण मांडणी नवीन म्हणता आली असती. तीन-चार आणि होडी, ते तुमचं.

आता वाईट भाग. डिझाईन कायद्यात मालक कोण हे पण लिहिलंय. कुणी मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाईन केलं तर मालक तो दुसरा. म्हणजे साडेचार हजार देणारा. वेगळं काही लिहून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्याकडं साधं बिल तरी आहे का?

@कडकभाकरी जीआयचा इथं संबंध नाही. जीआय 'सोलापुरी चादर' ह्या नावाला आहे, सोलापूरच्या चादरीवर काय काढलंय त्याला नाही. एका सोलापूरकरानं दुसऱ्या सोलापूरकराचं उचललं तर जीआय दोघांकडं सारख्याच मायेनं बघतो.

---

जकार्डवाला

बिल नाही ताई. फोनपेचा मेसेज आहे, त्यात मालकांनी 'डिझाईन' पण लिहिलं नाही, 'अर्जंट' लिहिलंय.

अण्णा, चादर उलटी केली. भिंग लावून बघितली. मागनं पण तीच आहे, तारेला तार. आता मला झोप येणार नाही.

---

तलावाकाठी

तू फोटो कुणाचा ते बघितलं नाहीस हे इतक्या सहज लिहिलंस ना, तिथं माझं डोकं फिरलं. मी फोटो काढते. पाच वर्षं झाली, भोगीपासून संक्रांतीपर्यंत पहाटेपासून उभी असते. अक्षता सोहळ्याचा माझा एक फोटो आहे, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या (यात्रेतले अंगरखे) आणि वर हवेत अक्षता, तो एक फोटो मी आजपर्यंत अकरा डिजिटलवर (चौकातल्या फ्लेक्स बॅनरवर) बघितलाय. अकरा. एकावर अक्षता कुणाच्या तरी वाढदिवसाच्या डोक्यावर पडताना दाखवल्यात. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं. एकानं तर कापायचा कंटाळा करून माझ्या नावावरच पक्षाचं चिन्ह चिकटवलं होतं.

वकीलताईंनी कॉपीराईट सांगितला तो फोटोला असतो, फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मागं ६० वर्षं असतो, आणि देऊळ जुनं असलं तरी देवळाचा फोटो जुना होत नाही. तुझा कुठला होता? पाण्याच्या बाजूनं काढलेला, सकाळचा, डावीकडं पायऱ्या?

---

जकार्डवाला

पाण्याच्या बाजूनंच. डावीकडं पायऱ्या. वरून एक विजेची तार गेलेली होती ती मी काढून टाकली.

ताई खरंच सॉरी, मला तेव्हा फोटो काढणारा माणूस असतो हे डोक्यातच आलं नाही. गूगलवर होता म्हणजे आपला, असं.

---

तलावाकाठी

माझ्या फोटोत तार नाही. तार येऊ नये म्हणून मी अर्धा तास जागा बदलत होते. म्हणजे माझा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी. तो पण बिचारा कुठंतरी बसला असंल.

सॉरी माझ्याकडं नको मागू, पण पुढच्या वेळी विचार. मला कुणी विचारलं असतं चादरीला पाहिजे म्हणून तर मी फुकट दिला असता, वर एक चादर मागितली असती.

---

प्रॉम्प्टराजा

अजून कुठल्या जमान्यात आहात. एआयला सांगा देऊळ तलाव सात काठ्या चादर डिझाईन, दहा सेकंदात वीस येतील, ना फोटो ना मोर ना भांडण.

---

जकार्डवाला

केलंय भाऊ. मी काय त्याच्या विरोधात नाही. पहिल्या चित्रात काठ्या अकरा आल्या. सात सांगितल्यावर नऊ. 'नंदीध्वज' लिहिलं तर काठीच्या टोकाला खराखुरा बैल बसवून दिला, उभा. आणि रंग चाळीस पन्नास, माझ्या मागाला बाण्याचे रंग दोन, फार तर तीन. त्याचं चित्र मागावर आणायला मला परत तेच बावीस दिवस. आणि त्या चित्रात कुणाकुणाचे फोटो आणि कुणाकुणाचे मोर कालवलेत ते तर विचारायला पण माणूस नाही. मी निदान सांगू तरी शकतो की मोर आजीच्या चादरीतला.

---

टेक्स्टाईल_डिप्लोमा

जरा विषयांतर पण राहवत नाही. ज्याच्या नावानं हा माग आहे तो फ्रान्सच्या लियाँ गावचा जोसेफ मारी जकार्ड, १८०४ च्या सुमाराचं त्याचं यंत्र. तो वारल्यावर १८३९ मध्ये त्याचंच एक चित्र रेशमात विणलं, त्याला जवळजवळ २४,००० कार्डं लागली. लांबून बघितलं तर लोकांना छापलेलं चित्र वाटायचं. कॉम्प्युटरचा आजोबा म्हणतात त्या चार्ल्स बॅबेजनं त्यातलं एक मिळवून घरी ठेवलं होतं, पाहुण्यांना दाखवायचा.

आता गंमत. ते विणलेलं चित्र ओरिजिनल नव्हतंच. बोनफाँ नावाच्या चित्रकारानं काढलेल्या तैलचित्रावरून ते विणलं, विणणारा कार्किया वेगळा. म्हणजे आपल्या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली वस्तू कॉपी आहे. पण २४,००० कार्डांची कॉपी! तिला फुकटची कोण म्हणेल. अण्णा म्हणतात ते हेच, कॉपीला पण घाम लागायचा. फाईलला राइट क्लिक लागतो.

---

वीणेकरी

आमच्याकडं भजनात ह्यावर जुना उपाय आहे. शेवटच्या चरणात नाव. तुका म्हणे, नामा म्हणे. नाव कापायला गेलास तर चरण मोडतो, चाल अडते. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव कापता येतं कारण ते कोपऱ्यात आहे. चाली मात्र आम्ही सर्रास उचलतो, सिनेमाच्या पण, तेलुगू कन्नड कुठल्या पण, आणि कुणी ऐकणारा म्हणाला ही चाल अमक्याची तर आम्हालाच बरं वाटतं. तुमच्या चादरीत नाव विणायला काय हरकत आहे?

---

कडकभाकरी

माऊली, 'तुका म्हणे' लावून दुसऱ्यांनी पण रचलेत की. तिथं उलटी चोरी, स्वतःचं काढून दुसऱ्याचं नाव लावायची. तुमच्या उपायाला पण उंदीर लागलेत.

---

वीणेकरी

लागलेत. तरी माणसं अजून भांडतात ना, हा अभंग महाराजांचा का नाही म्हणून. नावच नसतं तर भांडलं कोण असतं.

---

जकार्डवाला

अपडेट देतो, चार जणांनी मेसेज करून विचारलं.

गेलो दुसऱ्या कारखान्यात. डोक्यात भांडणाची सगळी वाक्यं पाठ केली होती. तिथल्या मालकांनी बसवलं, चहा सांगितला आणि मी चादर काढून वाकडी पायरी दाखवली तर म्हणाले, अरे ती आम्हाला आमच्या दाजींनी दिली. दाजी कोण? माझेच मालक. ज्यांनी मला साडेचार हजार दिले ते. मेव्हण्याला यात्रेसाठी घाईत काहीतरी पाहिजे होतं, यांनी पेनड्राईव्ह दिला, म्हणाले काठ तेवढा बदल. म्हणजे वकीलताईंच्या हिशोबानं चोरी झालीच नाही. ज्याचं होतं त्यानं दिलं. मी महिनाभर स्टेटस बघणाऱ्यांची लिस्ट काढून एकेकाकडं संशयानं बघत होतो, दोन मित्रांशी बोलणं सोडलं होतं, आता त्यांना काय तोंड दाखवू.

माझ्या मालकांकडं गेलो. भांडलो नाही. म्हणालो एका कारखान्याचे पैसे घेतले होते, दोन ठिकाणी चालली. ते म्हणाले, पैसे देऊन भाकरी आणली तर ती मी खाल्ली का मेव्हण्याला वाढली, तुला काय करायचंय. मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, पण घरी आल्यावर सुचून काय उपयोग. शेवटी दोन हजार दिले, वर म्हणाले पायरी सरळ करून दे.

---

वकील_जुळे_सोलापूर

दोन हजार मिळाले हे नशीब. आता तरी बिल करा. एक पान पुरे: डिझाईनचं नाव, तारीख, एका कारखान्यासाठी, दुसरीकडं वापरायचं असेल तर वेगळे पैसे. मालकांनी सही नाही केली तर निदान व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा, पैसे येण्याच्या आधी, नंतर नाही. आणि कुठलं डिझाईन खरंच नवीन वाटलं तर नोंदणी कोण करणार ते फोटो टाकायच्या आधी ठरवा.

भाकरीचं उत्तर मात्र मला विचारू नका, त्यांचा मुद्दा कायद्यात बसतो.

---

टेक्स्टाईल_डिप्लोमा

पायरी सरळ करू नको बे. तीच तुझी सही.

---

साखरपेठ_अण्णा

सही म्हणलास म्हणून आठवलं. आमच्यात पण हे होतं, मालकाला माहीत नसायचं. कारखान्याचं नाव कडेला येणार, आपलं कुठं? मी मोर काढला की डोळ्यात एक घर रिकामं ठेवायचो. बुबुळाच्या वरच्या अंगाला, एकच. दुसरा एकजण होता तो फुलाला सहावी पाकळी अर्धी ठेवायचा. आम्ही बाजारातनं जाताना एकमेकाला दाखवायचो, ही तुझी, ही माझी.

पोरा तुझ्या आजीच्या चादरीतला मोर डावीकडं बघतोय का? मान मागं वळवून? भिंग घेऊन डोळा बघ बरं.

---

जकार्डवाला

अण्णा डावीकडंच बघतोय!! मान मागं!! थांबा आणतो चादर.

---

जकार्डवाला

बघितलं. दोन वेळा मोजलं, आजीला पण दाखवलं. डोळा पूर्ण भरलेला आहे अण्णा. एक पण घर रिकामं नाही.

---

साखरपेठ_अण्णा

मग माझा नव्हं. माझ्यावरून मारलेला असंल. मारणाऱ्याला वाटलं असंल अण्णाचं एक घर भरायचं राहिलंय, त्यानं भरून टाकलं.